‘कोणत्या कलमाखाली?’ : सरकारी आदेश कायद्याच्या कसोटीवर तपासण्याची कृती

तहसीलदार, मुख्याधिकारी, जिल्हाधिकारी, मंत्री यांच्यापैकी कोणाकडेही स्वतःच्या मालकीचा असा अधिकार नसतो. प्रत्येकाचा अधिकार एखाद्या कायद्यातल्या एखाद्या कलमातून येतो आणि ते कलम जिथे संपते तिथे तोही संपतो. ही गोष्ट शाळेच्या नागरिकशास्त्रात आपण वाचलेली असते. पण सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गावी सरकारी कागद दारात आला की ती कोणाला आठवत नाही. “तहसीलमध्ये कुणाची ओळख आहे का?” हा पहिला प्रश्न घरात विचारला जातो. माझे म्हणणे असे की पहिला प्रश्न “हा आदेश कोणत्या कलमाखाली काढला?” हा असावा. ओळखीने काम झाले तरी ते उपकार म्हणून होते. कलम दाखवून झाले तर हक्क म्हणून होते, आणि पुढच्या माणसाचीही वाट मोकळी होते.

खालची कृती त्यासाठीच आहे. समजायला सोपे जावे म्हणून एक कल्पित उदाहरण धरू. समजा, अंधारी शिवारात दोन भाऊ आणि एक बहीण अशा तिघांच्या नावे वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा आहे. बहीण लग्न होऊन भोकरदनकडे राहते. एक दिवस सातबारा काढला तर तिचे नाव गायब. चौकशी केल्यावर कळते की तहसीलदारांनी ‘लेखनप्रमाद दुरुस्ती’चा आदेश काढला आणि त्यावरून फेरफार मंजूर झाला. तिला ना नोटीस आली, ना कोणी विचारले. मराठवाड्यात असे कागद हाताळणाऱ्या कोणत्याही वकिलाला हा प्रकार नवा वाटणार नाही.

हाताशी काय हवे

एक जाड फाइल. दोनशे पानी वही. दहा आणि वीस रुपयांची कोर्ट फी तिकिटे. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती, एक देण्यासाठी आणि एक पोच घेण्यासाठी. पोस्टाने आलेला कागद असेल तर त्याचे पाकीट. हे पाकीट लोक चुलीत घालतात. तसे करू नका. त्याच्यावरच्या शिक्क्याची तारीख पुढे फार मोलाची ठरते.

पहिली पायरी : कागद घ्या आणि तारीख लिहा

नोटीस घ्यायला नकार देऊन काही साधत नाही. नकार दिला तर ती दारावर चिकटवली जाते, पंचनामा होतो आणि तामील झाली असे धरले जाते. कागद घ्या, सही करा, सहीखाली स्वतःच्या हाताने त्या दिवसाची तारीख आणि “प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही” एवढे लिहा. कोऱ्या कागदावर, रिकाम्या पंचनाम्यावर किंवा न वाचलेल्या जबाबावर सही करू नका. लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठा देण्याआधी मजकूर मोठ्याने वाचून घ्या.

तारीख कशासाठी? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५० प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर अपील करायला ६० दिवस मिळतात, इतर आदेशांवर ९० दिवस. हे दिवस आदेश तुम्हाला मिळाल्यापासून मोजतात, आदेशावर छापलेल्या तारखेपासून नाही. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवसही वगळले जातात. १० जूनला आदेश हातात पडला तर ९ ऑगस्ट हा साठावा दिवस. वहीच्या पहिल्या पानावर ही शेवटची तारीख ठळक लिहा. आपल्या बहिणीला आदेश कधी मिळालाच नाही. तिने सातबारा पाहून नक्कल मागितली. तेव्हा तिने लिहायची तारीख नक्कल हातात आल्याची, आणि आदेशाची माहिती पहिल्यांदा कधी कळली ती वेगळ्या ओळीत.

दुसरी पायरी : कलम शोधा

ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी, म्हणून इथे थोडे थांबू.

आदेशाच्या मथळ्यात किंवा पहिल्या परिच्छेदात कलम लिहिलेले असते. लिहिलेले नसेल तर तो आदेशातला पहिला दोष, वहीत नोंदवा. लिहिलेले असेल तर त्या कायद्याची मूळ प्रत उघडा. महाराष्ट्राचे कायदे शासनाच्या संकेतस्थळावर मराठीत फुकट मिळतात आणि सिल्लोडच्या न्यायालयासमोर बसणारे टंकलेखकही संहितेचे पुस्तक ठेवून असतात. कलम पूर्ण वाचा. विशेषतः ‘परंतु’ या शब्दाने सुरू होणारा भाग वाचा. अधिकार वरच्या वाक्यात असतो आणि त्याची मर्यादा बहुधा या ‘परंतु’खाली.

आपल्या उदाहरणातले कलम आहे संहितेचे १५५. त्याने अधिकार कशाचा दिला आहे? लेखनाच्या चुका सुधारण्याचा, आणि ज्या चुका झाल्याचे सर्व हितसंबंधित लोक कबूल करतात त्या सुधारण्याचा. ‘रामराव’ऐवजी ‘रमाराव’ पडले, ०.८१ हेक्टरऐवजी ०.१८ झाले, अशा गोष्टी. अधिकाऱ्याला तपासणीत एखादी चूक आढळली तर? तिथे ‘परंतु’ येतो : संबंधितांना नोटीस दिल्याशिवाय आणि त्यांच्या हरकतींचा विवादग्रस्त नोंदींच्या रीतीने शेवटपर्यंत निकाल लावल्याशिवाय ती दुरुस्ती करता येत नाही. एका वारसाचे नावच काढून टाकणे ही लेखनाची चूक होऊ शकत नाही. तो हक्काचा प्रश्न आहे, आणि शेतजमिनीवर हक्क कोणाचा हे ठरवणे दिवाणी न्यायालयाचे काम आहे. फेरफाराची नोंद महसूल गोळा करण्यासाठी आणि ताबा-वहिवाटीचा मागोवा ठेवण्यासाठी असते. ती खरी आहे असे कायदा कलम १५७ खाली धरून चालतो, पण उलट पुरावा येईपर्यंतच.

भाऊ म्हणतील, “बहिणीने हक्क सोडला होता, साध्या कागदावर लिहून दिले होते.” स्थावर मिळकतीवरचा शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचा हक्क सोडायचा तर दस्त नोंदणीकृत लागतो, नोंदणी कायदा, १९०८ चे कलम १७ तसे सांगते. तलाठ्यासमोर दिलेल्या जबाबाने हक्कसोड होत नाही. (तलाठ्यांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात अजून तलाठीच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द ठेवला आहे.)

नगर परिषदेचा कागद असेल तर कायदा वेगळा : महाराष्ट्र नगर परिषदा, नगर पंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५, आणि बांधकामाचा विषय असेल तर १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा. मुख्याधिकाऱ्यांनी सही केलेला कागद कोणत्या कायद्याखालचा हे पाहिल्याशिवाय उत्तर लिहू नका. दोन्हींच्या मुदती आणि अपिलाच्या वाटा वेगळ्या आहेत. १९६५ च्या कायद्यात कलम ३०८ आहे, ते फार थोड्यांना माहीत असते : नगर परिषदेचा एखादा ठराव किंवा आदेश बेकायदेशीर असेल किंवा सार्वजनिक हिताला बाधक असेल, तर जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी निलंबित करू शकतात. म्हणजे निवडून आलेली सभासुद्धा कायद्याबाहेर ठराव करू शकत नाही.

आणि मंत्री? मंत्र्यालाही हाच नियम. याचे उदाहरण सिल्लोडकरांच्या परिचयाचे आहे. इथले आमदार अब्दुल सत्तार महसूल राज्यमंत्री असताना जून २०२२ मध्ये वाशीम जिल्ह्यातल्या सदतीस एकर गायरान जमिनीवरचा एका खासगी व्यक्तीचा ताबा नियमित करण्याचा आदेश निघाला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले आणि डिसेंबर २०२२ मध्ये खंडपीठाने त्यांना नोटीस बजावली. प्रथमदर्शनी न्यायालयाला खटकले ते असे की सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकाल आणि त्यापाठोपाठ निघालेला १२ जुलै २०११ चा शासन निर्णय गायरानाच्या अशा वाटपाला आडवा येतो. मंत्री वरचा की खालचा, सत्तेतल्या पक्षाचा की विरोधातला, हा तिथे मुद्दाच नव्हता. आदेशाला कायद्याचा आधार आहे का, एवढेच पाहिले गेले.

तिसरी पायरी : आदेशाला चार प्रश्न विचारा

कलम सापडले की आदेश पुन्हा वाचा आणि वहीत चार प्रश्नांची उत्तरे लिहा.

हा अधिकार या अधिकाऱ्याला आहे का? कलमात ‘जिल्हाधिकारी’ म्हटले असेल आणि सही नायब तहसीलदारांची असेल, तर अधिकार त्यांच्याकडे सोपवल्याचा आदेश मागा. तो असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर तुमचे अपील निम्मे जिंकले आहे.

मला ऐकून घेतले का? नोटीस आली का, उत्तराला पुरेसा वेळ मिळाला का, माझ्याविरुद्धचे कागद मला दाखवले का, ज्याने ऐकले त्यानेच निर्णय दिला का. फेरफाराच्या बाबतीत तर कलम १५० नेच हितसंबंध दिसणाऱ्या प्रत्येकाला लेखी कळवणे बंधनकारक केले आहे, आणि हरकत आली तर ती तक्रारी प्रकरणांच्या नोंदवहीत घेऊन मंडळ अधिकाऱ्यांनी चौकशीअंतीच निर्णय द्यायचा असतो. नोटीस सासरच्या पत्त्यावर न पाठवता माहेरच्या घरी भावाच्याच हाती दिली, तर ती बहिणीला दिली असे होत नाही.

कारणे लिहिली आहेत का? “अर्जदाराचे म्हणणे ऐकले, कागदपत्रांचे अवलोकन केले, सबब आदेश करण्यात येतो” हे कारण नव्हे. कारण म्हणजे कोणता कागद मान्य केला, कोणता का फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या मोहिंदर सिंग गिल प्रकरणात सांगितलेला नियम लक्षात ठेवा : आदेश टिकायचा तर त्यात लिहिलेल्या कारणांवरच टिकला पाहिजे, नंतर शपथपत्रातून नवी कारणे पुरवता येत नाहीत. सुनावणीत समोरचा माणूस नवी कारणे सांगू लागला की हे नम्रपणे नोंदवायला लावा.

चौथा प्रश्न सर्वांत नाजूक. निर्णय खरोखर याच अधिकाऱ्याने घेतला का? “वरून आदेश आहे”, “साहेबांचा फोन होता” ही वाक्ये आपण इतकी ऐकतो की ती नैसर्गिक वाटू लागली आहेत. कायद्याला ती मुळीच मान्य नाहीत. १९४७ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी अंधेरीत चित्रपटगृह बांधायला दिलेली परवानगी सरकारच्या सांगण्यावरून रद्द केली होती. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करणे अमान्य केले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती विव्हियन बोस नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. त्यांचा मुद्दा सरळ होता : नियमाने हा विवेक आयुक्तांना दिला आहे, तर तो आयुक्तांनीच वापरला पाहिजे, दुसऱ्याच्या सांगण्यावरून वागणे म्हणजे विवेक न वापरणेच.

सत्तर वर्षांपूर्वीचा निकाल म्हणून तो जुना समजू नका. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात २००६ मध्ये एका आमदाराच्या सावकारी करणाऱ्या कुटुंबाविरुद्ध शेतकऱ्यांच्या तक्रारी होत्या. त्या तक्रारी परस्पर नोंदवू नयेत, अशी सूचना मुख्यमंत्री कार्यालयातून गेली आणि ती पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंदली गेली. डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्यमंत्र्यांची ती सूचना घटनेशी विसंगत ठरवली आणि राज्य सरकारवर दहा लाख रुपयांचा खर्च बसवला. एका शेतकऱ्याने ही लढाई दिली होती. दैनंदिनीतली ती एक नोंद नसती तर पुरावा उरला नसता. म्हणून पुढची पायरी.

चौथी पायरी : जे बोलायचे ते लेखी बोला

खिडकीवर कितीही चांगले बोलणे झाले तरी कागदाशिवाय ते झालेच नाही असे समजा. अर्ज एका पानाचा असू द्या. राग, टोमणे, आरोप काही नको. नमुना असा :

*प्रति, मा. तहसीलदार, सिल्लोड.*
*विषय : मौजे अंधारी येथील गट क्रमांक … च्या फेरफार क्रमांक … बाबत.*
*महोदय, वरील गटात मी वारस म्हणून खातेदार होते. आपल्या दिनांक … च्या आदेशाने माझे नाव कमी झाल्याचे मला दिनांक … रोजी समजले. या आदेशापूर्वी मला नोटीस मिळालेली नाही. तरी कृपया (१) हा आदेश कोणत्या कलमाखाली काढला, (२) मला नोटीस बजावल्याचा तामील अहवाल, आणि (३) आदेशाची व संपूर्ण प्रकरणाची प्रमाणित नक्कल मिळावी. अपिलाची मुदत संपेपर्यंत संहितेच्या कलम २५६ प्रमाणे आदेशाची अंमलबजावणी स्थगित ठेवावी, ही विनंती.*

अर्ज बारनिशीत द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. “ठेवून जा, नंतर बघू” असे म्हटले तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पोच पावतीसह पाठवा. कलम २५६ ची विनंती मी मुद्दाम घातली आहे. आदेश काढणारा अधिकारी स्वतःच अपिलाच्या मुदतीपर्यंत त्याला स्थगिती देऊ शकतो, हे पुष्कळ अर्जदारांना ठाऊकच नसते.

पाचवी पायरी : फाइल डोळ्यांनी पाहा

आदेश हे फाइलचे शेवटचे पान असते. त्याआधी काय घडले ते टिपणीत आणि रोजनाम्यात असते. नक्कल मिळत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही लागत नाही. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवा. ‘का’ विचारू नका, ‘कागद’ मागा : “सदर प्रकरणाची टिपणी, रोजनामा, नोटिसा व तामील अहवाल यांच्या प्रती.” उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिले अपील करा. त्याला वीस रुपयांचे तिकीट लागते. नंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे दुसरे. माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

या कायद्याच्या कलम ४ मध्ये आणखी एक गोष्ट आहे : ज्यांच्यावर प्रशासकीय निर्णयाचा परिणाम होतो त्यांना त्या निर्णयाची कारणे देणे हे कार्यालयाचे कर्तव्य आहे, कोणी मागितली नाही तरी. अर्जात हे कलम लिहा.

एक सावधगिरी. माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट पाहत साठ दिवस घालवू नका. अपिलाची मुदत त्यामुळे थांबत नाही.

सहावी पायरी : निर्णयच होत नसेल तर

कित्येकदा आदेश चुकीचा नसतो, आदेशच नसतो. फाइल एका टेबलावर पडून राहते. त्यासाठी २००५ चा कायदा आहे, ज्याला लोक दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. त्याच्या कलम १० प्रमाणे कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. दुसऱ्या विभागाकडे जायची गरज नसेल तर ४५ दिवसांत आणि गरज असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. हेतुपुरस्सर उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई. उत्पन्न, रहिवास, जात यांसारख्या दाखल्यांना २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा लागू आहे. तिथे अर्जाची पोच आणि मुदत मिळते, नकाराची कारणे लेखी द्यावी लागतात आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होतो. स्मरणपत्रात या कायद्यांची नावे आणि गेलेले दिवस एवढेच लिहा.

जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तिथे रखडलेल्या कामांची तक्रार जरूर न्या. महसुली अपिलाचे प्रकरण मात्र तिथे घेत नाहीत.

सातवी पायरी : अपील

तहसीलदारांच्या किंवा मंडळ अधिकाऱ्यांच्या आदेशावर संहितेच्या कलम २४७ प्रमाणे उपविभागीय अधिकारी, सिल्लोड यांच्याकडे अपील. त्यांच्या निकालावर जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथे बहुधा अप्पर जिल्हाधिकारी ऐकतात. त्यानंतर कलम २५७ ची पुनरीक्षणाची वाट. अपिलासोबत आदेशाची प्रमाणित नक्कल लागते. उशीर झाला असेल तर कलम २५१ खाली विलंब माफीचा वेगळा अर्ज द्या आणि त्यात उशिराच्या काळाचा हिशेब द्या. “आजारी होते” एवढे पुरत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्याचा कागद.

अपिलाच्या मुद्द्यांत पहिले स्थान अधिकारकक्षेला द्या, दुसरे नोटिशीला, तिसरे कारणांना. जमीन कोणाच्या घामाने पिकली, भावाने काय बोलून दाखवले, आईची इच्छा काय होती, हे सगळे खरे असेल आणि त्याचे दुःखही खरे असेल. पण अपील अधिकाऱ्याला त्यातले काही ठरवता येत नाही. आपल्या बहिणीच्या अपिलाचा गाभा चार वाक्यांत मावतो : कलम १५५ लेखनप्रमादापुरते आहे, वारसाचे नाव वगळणे त्यात बसत नाही, मला नोटीस दिलेली नाही, आदेशात कारण नाही. सोबत स्थगितीचा अर्ज द्या, तोही कलम २५६ खाली. स्थगिती नसेल तर अपील चालू असतानाच जमीन विकली जाऊ शकते आणि जिंकलेला निकाल कागदावर राहतो. दिवाणी दावा करायचा असेल तर वकिलांशी तेव्हाच बोला.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी मागे राहू नये. सिल्लोडच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, दिव्यांगांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. आपल्या उदाहरणातली बहीण स्त्री आहे एवढ्यावरच तिचा हा हक्क पक्का होतो.

घर किंवा दुकान पाडण्याची नोटीस आली तर

इथे वरच्या पायऱ्या त्याच, पण वेळ दिवसांत नाही, तासांत मोजायचा. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने देशभरासाठी निर्देश दिले. आधी कारणे दाखवा नोटीस, उत्तरासाठी स्थानिक कायद्यातली मुदत किंवा १५ दिवस, यांपैकी जी नंतर संपते ती. नोटीस रजिस्टर पोस्टाने आणि बांधकामावर चिकटवून. प्रत्यक्ष सुनावणी. कारणांसह अंतिम आदेश, आणि त्यानंतरही १५ दिवस थांबणे. पाडकामाचे चित्रीकरण. निर्देश मोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून नुकसानीची वसुली.

मार्च २०२५ मध्ये नागपूर महापालिकेने आरोपींच्या घरांवर ही रीत न पाळता कारवाई केली. नागपूर खंडपीठाने ती थांबवली आणि पुढे आयुक्तांना बिनशर्त माफी मागावी लागली. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांची माहिती नव्हती, असे त्यांनी सांगितले. एवढ्या मोठ्या महापालिकेला माहिती नव्हती, तर तालुक्याच्या कार्यालयाला ती असेल असे गृहीत धरू नका. निकालाची प्रत उत्तरासोबत तुम्हीच जोडा.

हेही सांगितले पाहिजे की रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा तळ्याकाठची सार्वजनिक जागा यांवरच्या अनधिकृत बांधकामाला आणि न्यायालयानेच पाडायला सांगितलेल्या बांधकामाला हे संरक्षण नाही. तुमचे शेड जळगाव रस्त्याच्या हद्दीत असेल तर १५ दिवसांचा हक्क सांगत बसू नका. पर्यायी जागेचा अर्ज करा आणि सामान हलवा. कायद्याची मर्यादा प्रशासनाला आहे तशी आपल्यालाही आहे. गायरान बळकावून बसलेल्याने न्यायालयात कायद्याचे राज्य मागितले तर त्याला फार काळ ऐकून घेतले जात नाही.

शेवटची पायरी : खंडपीठ

आधी अपील, मग उच्च न्यायालय हा सर्वसाधारण नियम. अपवाद मोजके आहेत : मूलभूत हक्काचा भंग, ऐकून न घेता दिलेला आदेश, अधिकारच नसताना दिलेला आदेश, किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान. मुंबईच्या व्यापारचिन्ह निबंधकांसंबंधीच्या १९९८ च्या व्हर्लपूल निकालात हे अपवाद नीट मांडले आहेत. अशा वेळी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका थेट करता येते. मात्र महिनोन्‌महिने गप्प बसून गेलात तर न्यायालय उशिराचा जाब विचारते. याचिकेला तुमची फाइल लागेल : आदेश, पाकीट, पोच घेतलेले अर्ज, माहिती अधिकाराची उत्तरे. पहिल्या दिवसापासून जपलेले कागद इथे कामाला येतात.

सिल्लोडहून छत्रपती संभाजीनगरचे उच्च न्यायालयाचे खंडपीठ फुलंब्रीमार्गे दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे. हे अंतर नेहमी एवढे नव्हते. १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला तेव्हापासून इथल्या माणसाला रिट करायला मुंबई गाठावी लागे. २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, खंडपीठ सुरू झाले. ते सुरू करण्याचा मुख्य न्यायमूर्तींना अधिकार आहे का, यालाच न्यायालयात आव्हान दिले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने आव्हान मान्य केले, तर सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये तो निकाल फिरवून मुख्य न्यायमूर्तींचा अधिकार ग्राह्य धरला. ज्या न्यायालयाकडे आपण प्रशासनाला कलम विचारायला जातो, त्यालाही आपल्या उभारणीचे कलम दाखवावे लागले होते. मराठवाड्यातल्या वकिलांनी आणि लोकांनी वर्षानुवर्षे मागणी करून ते मिळवले आहे. ते वापरले जावे.

तुमच्या घरात एखादी नोटीस किंवा आदेश पडून असेल तर तो आज बाहेर काढा. तो तुम्हाला कधी मिळाला ते पाहा, कोणत्या कलमाखाली आहे ते वाचा आणि अपिलाची शेवटची तारीख वहीत लिहा. घरातल्या सासरी गेलेल्या लेकी-बहिणींनाही त्यांच्या गटाचा ताजा सातबारा काढून पाहायला सांगा. फेरफाराच्या नोटिसा ‘आपली चावडी’ या शासनाच्या पानावर गावनिहाय दिसतात आणि त्यावरची हरकत पंधरा दिवसांतच घ्यावी लागते.